दुबई-अबू धाबीला निघालेल्या बेने इस्रायल कुटुंबांसाठी: केतुब्यापासून मृत्युपत्रापर्यंतची तयारी

नोकरीचं पत्र हातात आलं की ठाण्या-पनवेलच्या आपल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत पहिला प्रश्न पगाराचा निघत नाही. आपण ज्यू, मुस्लिम देशात आपलं कसं व्हायचं, असं आई विचारते, मग मामा विचारतात, मग इस्रायलमधल्या अश्दोदहून मावशीचा फोन येतो. मी नवरा आणि मुलासह दुबईत राहते, नोकरीही इथलीच. आपल्यातल्या नव्या कुणाचं इथे यायचं ठरलं की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. हे फक्त संयुक्त अरब अमिरातीबद्दल, म्हणजे यूएईबद्दल आहे. शेजारच्या देशांचे नियम वेगळे आहेत, त्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. इथे धर्म लपवून राहायची गरज नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे. पण शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस), मिन्यान (सामूहिक प्रार्थनेला लागणारी किमान दहा माणसं), स्वयंपाकघर आणि कागदपत्रं यांची सोय आपोआप होणार नाही, ती तुम्हालाच करावी लागेल. त्यातली निम्मी तयारी विमानात बसण्याआधी भारतातच व्हायला हवी.

१. आधी वस्तुस्थिती समजून घ्या

यूएईत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. तुमचा रोजचा संबंध अरबांपेक्षा मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो आणि आपल्याच मराठी माणसांशी जास्त येईल. १५ सप्टेंबर २०२० रोजी अब्राहम करारावर सह्या झाल्या आणि यूएईने इस्रायलशी राजनैतिक संबंध जोडले. त्याआधीही इथे ज्यू माणसं राहत होती, प्रार्थना करत होती, पण चारचौघांत त्याची वाच्यता होत नसे. करारानंतर ते उघडपणे होऊ लागलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अबू धाबीच्या सादियात बेटावर अब्राहमिक फॅमिली हाउसचं उद्घाटन झालं. तिथे मशीद, चर्च आणि सिनेगॉग अशा सारख्या आकाराच्या तीन इमारती एकाच आवारात उभ्या आहेत.

धर्मावरून कुणाचा अपमान करणं, कुणाच्या प्रार्थनास्थळाची वा धर्मग्रंथाची विटंबना करणं हा इथे २०१५ पासून स्पष्ट फौजदारी गुन्हा आहे. हा कायदा मुस्लिमांपुरता नाही, ज्यू धर्मालाही लागू आहे.

दुसरी बाजूही माहीत हवी. ऑक्टोबर २०२३ नंतर वातावरण बदललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुबईत कोशर (ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या) मालाचं किराणा दुकान चालवणारे हबाद या ज्यू धार्मिक संघटनेचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, झ्वी कोगन यांचं अपहरण करून खून करण्यात आला. सरकारने आरोपींना लगेच पकडलं आणि मार्च २०२५ मध्ये तिघांना देहदंड तर एकाला जन्मठेप सुनावण्यात आली. आपल्याला २००८ च्या हल्ल्यातलं मुंबईतलं हबादचं केंद्र, नरिमन हाउस, आठवतं, त्यामुळे हे ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे. त्यांची समजूत घालताना ‘काही होत नाही’ असं म्हणू नका. सरकार गंभीर आहे आणि आपण सावध आहोत, एवढं सांगा. ते खरं आहे.

२. भारतातूनच तयार करून आणायची कागदपत्रं

पदवीच्या प्रमाणपत्राचं अटेस्टेशन, म्हणजे साक्षांकन, सगळ्यांनाच करावं लागतं. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात आणि इथे आल्यावर इथलं परराष्ट्र मंत्रालय, असा तो प्रवास असतो. ते कंपनीचे लोक किंवा एजंट सांगतातच. आपल्या लोकांचं अडतं ते पुढच्या कागदांवर:

- महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला, अटेस्टेशनसह. नुसत्या केतुब्यावर (ज्यू विवाहकरारावर) जोडीदाराचा व्हिसा होत नाही. आपल्यात सिनेगॉगमध्ये लग्न लागलं, केतुबा वाचून सह्या झाल्या की लग्न पूर्ण झालं असं समजतात आणि सरकारी नोंदणी राहून जाते. ती आधी करून घ्या.
- मुलांचे जन्मदाखले, तेही अटेस्ट केलेले.
- केतुब्याची प्रत, तुमची आणि शक्य असेल तर आईवडिलांचीही.
- तुमच्या सिनेगॉगच्या समितीचं पत्र. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इंग्रजीत. तुमचं कुटुंब सभासद आहे आणि तुम्ही ज्यू आहात, एवढं त्यात हवं. ठाण्याचं शार हाशमाईम असो, अलिबागचं मागेन अवोत असो वा मुंबईचं शार हारहमीम, सेक्रेटरींना भेटून मागा.
- पासपोर्टवरचं नाव, पदवीवरचं नाव आणि विवाह दाखल्यावरचं नाव एक आहे का हे तपासा. घरी सॅम्युएल, दाखल्यावर शमुएल आणि पदवीवर सॅम, असे घोळ आपल्याकडे फार आहेत.

सिनेगॉगच्या पत्रावर मी भर देते त्याला कारण आहे. इथल्या मिन्यानमध्ये अमेरिकन, फ्रेंच, दक्षिण आफ्रिकन, सीरियन वंशाचे ज्यू येतात. त्यांतल्या अनेकांनी भारतात ज्यू असतात हे ऐकलेलंसुद्धा नसतं. सुरक्षेमुळे नव्या माणसाची चौकशी तर होतेच. दिवेकर, पेणकर, नवगावकर असं आडनाव सांगून त्यांना काही बोध होत नाही. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकात आपल्या लोकांना लग्नासाठी ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला आणि त्यावर मोठं आंदोलन झालं, त्याची आठवण घरातल्या मोठ्यांना अजून आहे, म्हणून पुरावा मागितला की राग येतो. इथे मात्र तो प्रश्न बहुतेक वेळा सुरक्षेपोटीच असतो. पत्र काढून द्यावं आणि पुढचं बोलणं सुरू करावं.

३. अर्जातला ‘धर्म’ हा रकाना

यूएईच्या रहिवासी अर्जात धर्म विचारला जातो. हा अर्ज बऱ्याचदा कंपनीचा पीआरओ (सरकारी कागदपत्रांची कामं करणारा) किंवा टायपिंग सेंटरमधला माणूस भरतो. आडनाव ‘कर’ने संपतं म्हणून तो अंदाजाने हिंदू लिहितो, पहिलं नाव डेव्हिड असेल तर ख्रिश्चन. अर्ज पुढे जाण्याआधी छापील प्रत मागा आणि वाचा. जे खरं आहे तेच लिहायला लावा. लग्न, वारसा, मुलांची शाळा या सगळ्यात तुमची नोंद पुढे उपयोगी पडते आणि सरकारी कागदावर चुकीची माहिती राहू देणं कोणत्याही देशात वाईटच.

‘लिहू नकोस, कशाला उगाच’ असा सल्ला सहकारी देतील, तोही प्रेमाने. माझं मत ठाम आहे: सरकारपासून लपवू नका. शेजाऱ्याला सांगायचं की नाही, तो वेगळा प्रश्न आहे.

४. सामानात काय घ्यावं, काय काढावं

घ्या: तल्लेथ (प्रार्थनेची शाल), तेफिल्लीन (प्रार्थनेच्या वेळी हातावर आणि कपाळावर बांधायच्या डब्या), सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक), मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायची धर्मवचनाची डबी), शब्बाथच्या दिव्याचा काचेचा पेला आणि वाती, किद्दुशचा (शब्बाथला वाइनवर म्हणायच्या प्रार्थनेचा) प्याला. स्वतःच्या वापरासाठी एक-दोन धर्मग्रंथ आणायला अडचण नसते. त्याच पुस्तकाच्या वीस प्रती मात्र आणू नका. धर्मप्रचाराचं साहित्य म्हणून त्याकडे पाहिलं जाऊ शकतं आणि मुस्लिमांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार करायला इथे बंदी आहे.

काढा: खसखस. सगळ्यात मोठा धोका हाच. यूएईत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि आपल्या घरच्या मसाल्यात ती हमखास असते. आईने प्रेमाने बांधून दिलेला मसाल्याचा डबा उघडून विचारा, त्यात खसखस आहे का. असेल तर तो डबा घरीच राहू दे. कोडीन, ट्रामाडोल असलेली औषधंही आधी परवानगी घेतल्याशिवाय आणू नका.

निघण्याआधी घरी मलिदा (एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने करायचा विधी) करता, तो जरूर करा. इथे आल्यावरही त्याचं सगळं सामान मिळतं. भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची, काजू-बदाम, वर गुलाबाच्या पाकळ्या, भोवती पाच फळं. त्यात खजूर तर इथल्यासारखा कुठेच नाही, ताज्या हंगामात तो अर्धा पिवळा, अर्धा तपकिरी असा घडासकट मिळतो. सुवासाच्या बेराखासाठी (आशीर्वादाच्या प्रार्थनेसाठी) सब्जाची पानं मात्र शोधावी लागतात, भारतीय भाजीवाल्याकडे आदल्या दिवशी सांगून ठेवा. एलियाहू हानाबीचं नाव घेऊन परक्या गावातला पहिला मलिदा झाला की घर लागलं असं वाटतं.

५. घर आणि स्वयंपाकघर

एकटे येणारे बहुतेक जण करामा, बर दुबई, अल नहदा भागात शेअरिंगमध्ये राहतात. शारजाहत भाडं कमी म्हणून तिकडेही जातात. शारजाहत दारूवर पूर्ण बंदी आहे, किद्दुशची वाइनसुद्धा घरात ठेवता येत नाही, हे लक्षात असू द्या. दुबईत मुस्लिमेतर माणसाला वयाच्या २१ नंतर परवान्यावर दारू घेता येते.

पण आपल्याला वाइनची गरजच काय! काळ्या मनुकांचं सरबत हीच आपली जुनी रीत आहे. कोकणात वाइन मिळत नव्हती तेव्हापासून आपल्या घरांत किद्दुश त्यावरच होतो. मूठभर काळ्या मनुका धुऊन रात्रभर पाण्यात घालायच्या, सकाळी हाताने चांगल्या कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशच्या प्याल्यात ओतलं की गडद, गोड सरबत तयार. परवाना नको, लपवाछपवी नको आणि शारजाहतही चालतं.

शेअरिंगमध्ये स्वयंपाकघर सामायिक असतं. सोबतची माणसं चांगली असली तरी लोणी टाकून चिकन परततील आणि त्याच कढईत तुम्ही भाजी करावी असं त्यांना सहज वाटेल. तेव्हा स्वतःची दोन भांडी, एक तवा, एक सुरी आणि कुलूप लागेल असं कपाट, एवढं पहिल्या आठवड्यातच घ्या. कारण सांगायचं नसेल तर ‘आमच्या घरात दूध आणि मटण वेगळं ठेवतात’ एवढं बस होतं. भारतीयांना खाण्यापिण्याचे नियम नवीन नाहीत. जैन शेजाऱ्याला जसं समजून घेतात तसं तुम्हालाही घेतात.

मांसाचं सरळ सांगते: हलाल म्हणजे कोशर नाही. कोशर मांस इथे मिळतं, ज्यू समाजाच्या ओळखीतून कळतं कुठे, पण महाग पडतं. रोजच्यासाठी शाकाहार आणि मासे हा आपला नेहमीचा मार्ग इथेही सोपा आहे. मीना बाजार आणि करामा भागात शुद्ध शाकाहारी खानावळी भरपूर आहेत. सुरमई, पापलेट, बांगडा देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये ताजे मिळतात. मासा तिथेच साफ करून देतात, पण त्याच सुरीने आधी कोळंबी कापलेली असू शकते, तेव्हा सुरी-फळी धुवायला सांगा किंवा अख्खा मासा घरी आणा. नारळाचं दूध सगळीकडे असल्यामुळे आपलं मटण आणि चिकाचा हलवा दोन्ही इथे अगदी घरच्यासारखं होतं.

पेसाह या सणासाठी मत्झा (बिनखमिराची रोटी) ज्यू समाजाकडे आधी नोंदवून ठेवावा लागतो, आयत्या वेळी मिळत नाही. त्याच सणाच्या हारोसेथ या गोड पदार्थाला लागणारा खजुराचा पाक मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात बाटलीत मिळतो, त्याला इथे ‘दिब्स’ म्हणतात. लेबल वाचा, काहींत साखर आणि इतर घटकही घातलेले असतात.

मेझुझा कुठे लावायचा, हा पुढचा प्रश्न. स्वतःच्या नावावर भाड्याचं घर असेल तर लावा. बाहेरच्या चौकटीवर दिसू नये असं वाटत असेल तर दाराच्या आतल्या बाजूला लावण्याची सवलत मिळू शकते, त्याबद्दल रब्बींना विचारून घ्या. मेझुझा बाहेर नसला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दिवा लावतानाही विचार करा. खोबरेल तेलाचा वातीचा दिवा काचेच्या पेल्यात लावला तर धूर कमी होतो. स्मोक डिटेक्टरच्या अगदी खाली ठेवू नका आणि शेअरिंगमध्ये घरमालकाचा आगीचा नियम काय आहे ते विचारा. परवानगीच नसेल तर विजेचा दिवा लावण्याबद्दल रब्बींचं मत घ्या.

६. शब्बाथ आणि सणांच्या रजा

जानेवारी २०२२ पासून यूएईत, शारजाह सोडून, सरकारी कार्यालयांना शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. त्याआधी शुक्रवार-शनिवार सुट्टी होती. खासगी कंपन्यांचं ज्याचं त्याचं वेगळं असतं, किरकोळ विक्री आणि हॉटेल व्यवसायात शनिवारी काम असतंच. म्हणून करारावर सही करण्याआधी साप्ताहिक सुट्टी कोणती, हे लेखी विचारा. रुजू झाल्यावर विचारलं तर उत्तर ‘बघू’ असं येतं.

हिवाळ्यात शुक्रवारची अडचण होते. डिसेंबरमध्ये दुबईत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दिवा पाच-सव्वापाचला लागायला हवा आणि ऑफिस सहाला सुटतं. मुस्लिम सहकाऱ्यांना शुक्रवारी दुपारी नमाजासाठी वेळ मिळतो. तुम्ही म्हणा, तेव्हा मी जागेवर थांबेन, सकाळीही लवकर येईन, पण मला चारला निघू द्या. प्रार्थनेसाठी वेळ मागणारा माणूस इथल्या व्यवस्थापकाला विचित्र वाटत नाही. नमाजाला उठणारी माणसं त्याच्या आजूबाजूला रोज असतात. माझ्या अनुभवात मुस्लिम वरिष्ठांनी ही मागणी सगळ्यात लवकर समजून घेतली.

सणांना सरकारी सुट्टी नाही. वर्षभराच्या नोकरीनंतर कायद्याने ३० दिवसांची रजा मिळते, पण आपल्या तिश्री महिन्यात (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास) रोश हाशाना, योम किप्पूर, सुक्कोथ आणि सिम्हाथ तोरा हे सण एकामागोमाग येतात. सगळ्यासाठी रजा टाकली तर मुंबईला जायला काही उरत नाही. जानेवारीतच ज्यू पंचांग पाहून तारखा मॅनेजरला कळवा. शनिवार-रविवारी पडणारे दिवस आधी वगळा. दरफळणीचा दिवस, म्हणजे उपवासाचा योम किप्पूर, कोणत्याही परिस्थितीत मोकळा ठेवा. बाकीच्यांत तडजोड करावी लागली तर ती घरात बसून आधीच ठरवा.

रमजानात सगळ्याच कर्मचाऱ्यांचे कामाचे तास दिवसाला दोनने कमी होतात, तुमचेही. दिवसा उघड्यावर खाऊ-पिऊ नका, ऑफिसात वेगळी जागा नेमलेली असेल तिथेच डबा उघडा. इफ्तारचं बोलावणं आलं तर जा. तिथल्या खजुरावर आणि फळांवर तुमची संध्याकाळ निभावते.

७. मिन्यान कुठे मिळेल

अबू धाबीत सादियात बेटावरच्या त्या सिनेगॉगचं नाव मोसेस बेन मैमोन आहे, म्हणजे आपला रम्बाम, मध्ययुगातला थोर ज्यू विद्वान, ज्याचं आयुष्य अरबी भाषेच्या मुलखात गेलं. इमारतीची दिशा जेरुसलेमकडे आहे, बाहेरचे तिरपे खांब सुक्कोथच्या मांडवावरच्या झावळ्यांची आठवण करून देतात. नुसतं पाहायचं असेल तर आधी ऑनलाइन नोंदणी करून जाता येतं. प्रार्थनेसाठी मात्र वेगळी नोंदणी लागते आणि दारावर ओळखपत्र तपासतात. एमिरेट्स आयडी जवळ ठेवा.

दुबईहून तिथे गाडीने सव्वा तास, रहदारी असेल तर अधिक. शब्बाथला वाहनात न बसणाऱ्यांनी शुक्रवारी दुपारीच निघून जवळच्या हॉटेलात मुक्काम करावा लागतो. आपल्यातले बरेच जण मुंबईत लोकलने सिनेगॉगला जातात. त्यांनी इथेही तसं केलं तर मी काही म्हणणार नाही, मात्र इतरांसमोर पार्किंगची चर्चा करू नका, काहींना ते खटकतं.

दुबईत प्रार्थनेच्या जागा जाहीर केलेल्या नसतात. समाजाच्या अधिकृत संस्थेशी संपर्क करायचा, पासपोर्ट आणि सिनेगॉगचं पत्र पाठवायचं, मग पत्ता कळतो. हे येण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करा. पत्ता मिळाला की तो तुमच्याजवळच ठेवा. नव्या ओळखीच्या माणसाला, टॅक्सीवाल्याला, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातही पाठवू नका. टॅक्सी थोडी अलीकडे सोडून चालत जा.

प्रार्थनेची पद्धत ओळखीची वाटेल, कारण आपण सेफारदी (मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीने करतो आणि इथेही ती चालते. चाली मात्र आपल्या नाहीत. आपल्या हझ्झानच्या (सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्याच्या) आवाजातलं ‘एलियाहू हानाबी’ कानावर पडत नाही, ते आठवत राहतं. म्हणून भारतातून निघताना वडिलांच्या किंवा हझ्झानच्या आवाजात चाली रेकॉर्ड करून आणा आणि मुलांना ऐकवा.

८. कोणी विचारलं तर काय सांगायचं

‘तुमचा धर्म कोणता?’ हा प्रश्न इथे टॅक्सीत, सलूनमध्ये, लिफ्टमध्ये सहज विचारला जातो. त्यात बहुतेकदा वाकडं काही नसतं. उत्तराचे तीन प्रकार ठेवा. अनोळखी माणसाला ‘मी भारतीय’, मुंबईचा किंवा महाराष्ट्राचा, इतकंच. रोजच्या सहकाऱ्याला, तुम्हाला तो माणूस नीट कळल्यावर, ‘मी ज्यू आहे, भारतातला’. सरकारी अधिकाऱ्याला नेहमी पूर्ण खरं.

‘बेने इस्रायल’ हा शब्द पहिल्या वाक्यात वापरू नका. ऐकणाऱ्याला तो देशाचं नाव म्हणून ऐकू येतो आणि तुम्ही इस्रायली आहात असा समज होतो. ‘यहुदी, हिंदुस्तानी’ म्हटलं की उर्दू-अरबी जाणणाऱ्याला नेमकं कळतं. पुष्कळ जण ‘अहले किताब’ (धर्मग्रंथ मिळालेले लोक) म्हणून उलट आपुलकी दाखवतात, इब्राहिम, मूसा, दाऊद या नावांवर गप्पा रंगतात. आपल्या घरांतली तीच नावं आहेत.

ऑफिसात पॅलेस्टिनी, लेबनीज, सीरियन माणसं असतील. त्यांच्या घरची माणसं युद्धात सापडलेली असू शकतात. आपले नातेवाईकही दिमोना, लोद, अश्दोदला सायरन ऐकून तळघरात जातात. हे दोन्ही खरं आहे आणि जेवणाच्या टेबलावर त्याचा निकाल लागणार नाही. त्यांच्याकडे कोणी वारलं असेल तर जसं आपल्याकडे शेजारी जाऊन बसतात तसं जा, दुःखात सहभागी व्हा, राजकारणावर बोलू नका. कोणी मुद्दाम डिवचत असेल तर एचआरकडे लेखी तक्रार करा. धमकी दिली तर थेट पोलिसांना फोन करा, क्रमांक ९९९.

किप्पा (ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी) बाहेर घालायचा का? मॉलमध्ये, मेट्रोत मी घरच्या पुरुषांना साधी टोपी घालायला सांगते. प्रार्थनेच्या ठिकाणी आत गेल्यावर किप्पा. डेव्हिडचा तारा गळ्यात असेल तर कपड्याच्या आत. गर्दीत एखादा माथेफिरू असेल तर त्याचं लक्ष आपल्याकडे जाऊ नये, एवढाच हेतू आहे.

९. भले लोक जिथे अडकतात

पहिली जागा व्हॉट्सॲप. युद्धाबद्दलचा फॉरवर्ड, कोणत्याही धर्माची टिंगल, खात्री न केलेली बातमी पुढे पाठवणं इथे सायबर गुन्हा ठरू शकतं. ठाण्यातल्या मित्रांच्या गटात कोणी काही टाकलं आणि तुम्ही दुबईत बसून ते पुढे ढकललं, तर जबाबदार तुम्ही. असे गट म्यूट करा, नको ते फॉरवर्ड पुसून टाका. व्हॉट्सॲपवरून कॉल इथे लागत नाहीत, घरी बोलायला बॉटिमसारखं परवानगी असलेलं ॲप वापरावं लागतं.

दुसरी जागा वर्गणी. आपल्याकडे सिनेगॉगच्या दुरुस्तीसाठी, कुणाच्या ऑपरेशनसाठी गटात खाते क्रमांक टाकला जातो. यूएईत परवाना नसताना देणग्या गोळा करणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. तुम्हाला द्यायचं असेल तर स्वतःच्या खात्यातून थेट द्या, दुसऱ्यांकडून गोळा करू नका.

तिसरी जागा घरातली प्रार्थना. शुक्रवारी दोन मित्रकुटुंबं जेवायला बोलावून किद्दुश केला, काही हरकत नाही. पण दर आठवड्याला लोक जमवून फ्लॅटमध्येच सिनेगॉग चालवणं कायद्याला मान्य नाही, सामूहिक प्रार्थनेसाठी परवाना असलेली जागा लागते. आणि परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढू नका, प्रार्थनेच्या ठिकाणचा तर मुळीच नको.

१०. मुलांची शाळा

भारतीय शाळांत अरबी भाषा सगळ्यांना असते, इस्लामिक स्टडीज फक्त मुस्लिम मुलांना. प्रवेश अर्जात धर्म नीट लिहिला नसेल आणि मुलाचं नाव इब्राहिम किंवा मुसा असेल तर वर्ग चुकतो. पहिल्या दिवशी वेळापत्रक तपासा. मुलांना घरी शिकवून ठेवा, शाळेत धर्म विचारला तर सांगायचा, देशांवरून भांडायचं नाही.

११. मृत्युपत्र, आजारपण आणि पुढचं

हा विषय घरात कोणी काढत नाही, म्हणून मी काढते. यूएईत मुस्लिमेतरांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नागरी कौटुंबिक कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्यानुसार साधारणपणे निम्मी मालमत्ता जोडीदाराला आणि निम्मी मुलांना समान वाट्याने, मुलगा-मुलगी भेद न करता जाते. भारतात आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यातली वाटणी वेगळी आहे. कोणता कायदा लागू व्हावा याचा गोंधळ नको असेल तर मृत्युपत्र करा. दुबईत डीआयएफसीचं (दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटरचं) मृत्युपत्र नोंदणी केंद्र आणि अबू धाबीत न्याय विभाग, दोन्हीकडे मुस्लिमेतरांची नोंदणी होते. मुलं लहान असतील तर त्यांचे पालक कोण, हे त्यात आवर्जून लिहा.

मृत्यू ओढवला तर पार्थिव भारतात नेण्यासाठी मृत्यूचा दाखला, पोलिसांचं पत्र, भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट लागतो. विमानाने पाठवताना एम्बामिंग (टिकवण्यासाठी पार्थिवात रसायनं भरणं) करतात आणि आपल्या धर्मात त्याला आक्षेप आहे. ऐनवेळी कोणालाच सुचत नाही, तेव्हा कुटुंबाने रब्बींशी आधीच बोलून काय करायचं ते ठरवावं. प्रत्येक मोठ्या माणसाच्या पाकिटात एक चिठ्ठी असावी: भारतातल्या नातेवाईकाचा फोन, इथल्या समाजाच्या संपर्काचा फोन, रक्तगट.

मूल व्हायचं असेल तर सुंतेचंही आधीच ठरवा. इथल्या दवाखान्यांत सुंता नेहमीचीच आहे, पण आठव्या दिवशी बेराखांसह विधी करणारा मोहेल बाहेरून यावा लागू शकतो. सातव्या महिन्यापासून समाजाशी बोलायला लागा.

१२. बदली दुसऱ्या देशात झाली तर

कंपनी ‘दुबईसारखंच आहे’ म्हणते. तसं नसतं. बहारीनमध्ये मनामाला सिनेगॉग आहे, ज्यू दफनभूमी आहे आणि जुन्या ज्यू कुटुंबांतली थोडी माणसं अजून राहतात. तिथलीच ज्यू हूदा नोनू २००८ ते २०१३ या काळात बहारीनची अमेरिकेतली राजदूत होती. सौदीत मुस्लिमेतरांना उघड प्रार्थनेची मुभा नाही आणि मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. रस्त्यावरचे फलक वाचून वळा. कुवेत आणि लेबनॉन इस्रायलचा शिक्का असलेला पासपोर्ट स्वीकारत नाहीत. इस्रायल २०१३ पासून पासपोर्टवर शिक्का न मारता वेगळी चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी आणि इस्रायलहून आलेल्या विमानाचा बोर्डिंग पास पासपोर्टच्या पाकिटात विसरून राहतो, तो निघण्याच्या आदल्या रात्री काढून घरी ठेवा. जुन्या पासपोर्टवर शिक्का असेल तर बदलीचं पत्र स्वीकारण्याआधीच कंपनीला सांगा, म्हणजे विमानतळावरून परत फिरायची वेळ येणार नाही.